तीस झाडांचं जंगल

आज जायचंय इटलीत, सिसिली बेटावरच्या मादोनिये डोंगरात. तिथे फर जातीचं एक झाड आहे, आबिएस नेब्रोदेन्सिस. फर म्हणजे नाताळात आपण जे टोकदार, सुईसारख्या पानांचं झाड सजवतो ना, त्याच घराण्यातलं. हे नेमकं झाड मात्र जगात फक्त याच डोंगरात रानात उगवतं. आणि तिथे वाढलेली झाडं आहेत जेमतेम तीस!

एकेकाळी इथे त्यांची जंगलं होती. पण सरळसोट, मजबूत लाकूड म्हटल्यावर कुऱ्हाड पडणारच. आसपासच्या गावांतल्या चर्चची छपरं याच लाकडाच्या तुळयांवर उभी राहिली. तुळया टिकल्या, जंगल संपलं. 1900 च्या सुमारास तर हे झाड नामशेष झालं असंच मानलं गेलं. मग 1957 मध्ये ते पुन्हा सापडलं.

आता तुम्ही म्हणाल, सापडलं ना, मग लावा की हजारभर रोपं! मलाही आधी हाच प्रश्न पडला. पण खरी गंमत इथेच आहे. उरलेली झाडं थोडी आणि विखुरलेली. त्यामुळे झाडाचे पराग बरेचदा त्याच झाडाच्या शंकूंवर पडतात. परिणाम असा, की बहुतेक बिया पोकळ निघतात. ज्या रुजतात, त्यांच्या कोवळ्या रोपांवर जनावरं ताव मारतात.

त्यात भर म्हणजे, डोंगर हिरवा करायला म्हणून जवळपास बाहेरच्या फर जाती लावल्या गेल्या. हेतू चांगलाच होता. पण त्यांचे पराग वाऱ्याने इथवर आले, तर संकरित रोपं तयार होतात आणि मूळ जात हळूहळू त्यातच विरघळून जाऊ शकते. म्हणून अशी परकी झाडं काढणं हाही संवर्धनाचाच भाग ठरला.

2020 पासून तिथे लाइफ फॉर फर नावाचा प्रकल्प सुरू झाला. एका झाडाचे पराग गोळा करून दुसऱ्याच्या शंकूंवर हाताने टाकायचे. रोपवाटिकेतल्या रोपांचा डीएनए तपासून अस्सल कोणतं, संकरित कोणतं ते ठरवायचं. रानातल्या झाडांभोवती कुंपण घालायचं.

मला या इतिहासातून एक गोष्ट पक्की कळली. झाड लावलं की काम झालं, असं नसतं. कोणतं झाड, कुठे आणि कोणाच्या शेजारी, हे आधी विचारावं लागतं. तीसच उरल्यावर हे प्रश्न विचारणं फार महाग पडतं.