टीबी 'खानदानी' असतो का? ल्यूबेकच्या 251 बाळांची गोष्ट

"त्यांच्या घरात टीबी आहे" एवढं कानावर आलं की आपल्याकडे आजही ठरत आलेलं लग्न मोडतं. रोग रक्तातच आहे, असं धरून चालतात लोक. यात खरं किती, खोटं किती, ते इतिहासातच बघू.

24 मार्च 1882 ला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी टीबीचा जंतू जगासमोर ठेवला. तोवर युरोपातही अनेक जण हा रोग आनुवंशिक मानायचे. जंतू सापडला, पण एक प्रश्न उरलाच. जंतू शिरतो पुष्कळांच्या अंगात, आजारी मात्र थोडेच पडतात. असं का?

उत्तराचा एक धागा मिळाला तो एका भयंकर चुकीतून. 1929-30 च्या हिवाळ्यात जर्मनीतल्या ल्यूबेक शहरात नवजात बाळांना बीसीजी लस तोंडावाटे दिली गेली. प्रयोगशाळेत त्या लसीत टीबीचे खरे, घातक जंतू मिसळले होते. लस घेतलेल्या 251 बाळांपैकी 72 दगावली. पण उरलेल्यांपैकी बहुतेक बाळं आजारी पडूनही बरी झाली, आणि तेव्हा टीबीवर एकही औषध नव्हतं! सगळ्यांच्या पोटात जंतू सारखे गेले नव्हते, हे खरं. तरी जास्त जंतू गेलेल्यांतही काही वाचली.

म्हणजे शरीराशरीरात फरक आहे. तो कुठे?

1974 मध्ये ऑस्ट्रेलियात पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून एक मोठी गोष्ट दाखवली. आपल्या टी पेशी म्हणजे शरीराचे शिपाई. त्यांना नुसता जंतू ओळखता येत नाही. आपल्याच पेशींनी जंतूचे तुकडे ताटात वाढल्यासारखे समोर धरावे लागतात. माणसात या ताटाला एचएलए म्हणतात. 1996 मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

ही ताटं आपल्याला आई आणि वडील दोघांकडून मिळतात, आणि ती माणसागणिक वेगळी असतात. त्यामुळे एकाच्या टी पेशींना टीबीच्या जंतूचा एक तुकडा दिसतो, दुसऱ्याच्या टी पेशींना दुसराच. 1980 च्या दशकात उत्तर भारतातल्या रुग्णांत एचएलए-डीआर2 हा प्रकार जास्त आढळला. पण जगात सगळीकडे तसंच दिसलं नाही. आणि हा प्रकार असलेल्या कितीतरी लोकांना टीबी कधी होतच नाही.

म्हणून 'खानदानी' हा शिक्का खोटा. वारशाने येते ती लढायची पद्धत, रोग नाही. घरातल्या दोघांना टीबी होतो तो बहुतेक वेळा एकाच कोंदट खोलीतल्या हवेमुळे आणि अर्धपोटी राहिल्यामुळे. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्यांना जादा धान्य दिलं, तर त्यांच्यातला नवा टीबी सुमारे 39 टक्क्यांनी घटला. हे 2023 मध्ये प्रसिद्ध झालं. जनुकं तीच होती, फक्त ताटात भाकरी वाढली!

जनुकं बदलणं आपल्या हातात नाही. रेशन, खिडकी, वेळेवर औषध मात्र आहे. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, फुकट होते. आणि स्थळ बघताना घराण्याचा टीबी काढू नका.