मामींची ट्रंक

श्रुतपंचमीला आमच्याकडे ग्रंथ बाहेर काढतात. जुनी वेष्टनं सोडायची, पानं मऊ फडक्यानं झटकायची, कुठं कसर लागली आहे का ते बघायचं आणि नवं वेष्टन बांधून पुन्हा कपाटात ठेवायचं. ज्येष्ठ शुद्ध पंचमी म्हणजे पाऊस दाराशी आलेला. जोयड्याच्या रानातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना कागदाची ही काळजी वेगळी समजावून सांगायला नको. त्या वर्षी मी रामनगरला मामींकडे होते. ग्रंथ झाले आणि मामी म्हणाल्या, "आता ती ट्रंक पण काढ गं."

ट्रंकेत सिनेमाची अकरा पोस्टरं होती.

मामांचं किराणा दुकान जुन्या सुप्यात होतं. एका वर्षी तंबूच्या सिनेमाचा मालक मुक्काम हलवताना उधारी फेडू शकला नाही, तेव्हा पोस्टरांची गठडी ठेवून गेला. "पुढच्या मोसमात सोडवून नेतो," म्हणाला. तो परत आला नाही. पुढं काळी नदीवर धरण झालं, सुपा पाण्याखाली गेलं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं आणि कितीतरी घरं रामनगरच्या नव्या वसाहतीत उठून आली. दुकानाच्या फळ्या गेल्या, माळ्यावरचा पसारा गेला. गठडी मात्र मामांनी ट्रंकेत घालून आणली. कुणाची तरी ठेव आहे, असं ते म्हणायचे.

आता मामा नाहीत. मामींचे दोन्ही गुडघे गेलेले. जुन्या पोस्टरांना लाखांनी पैसे येतात असं भाच्यानं मोबाईलवर दाखवलं, तेव्हापासून मामींचा सगळा भरवसा त्या ट्रंकेवर. मला वाचायची खोड, म्हणून काम माझ्याकडे आलं.

वाचत गेले तशी या कागदांची कुळकथा आपल्याच मुलखातली निघाली. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आधी नाटकांचे पडदे रंगवत. १९२० मध्ये त्यांनी 'सैरंध्री' काढला. आपल्या चित्रपटांची पोस्टरं ते स्वतः रंगवत. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर आज आपल्या देशातल्या सर्वांत जुन्या उरलेल्या पोस्टरांत गणलं जातं. त्यांच्याच कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९२९ मध्ये कोल्हापुरात 'प्रभात' काढली. ती १९३३ मध्ये पुण्याला गेली. कोल्हापूरच्याच जी. कांबळे यांनी 'मुगल-ए-आझम'ची पोस्टरं रंगवली. शिवाजी महाराजांचं जे चित्र आपण सरकारी कचेऱ्यांत पाहतो, तेही त्यांचंच.

पण पोस्टर जपायची वस्तू आहे असं तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं. मैद्याची खळ शिजवायची, कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद टाकायचं आणि भिंतीला चिकटवायचं. पुढच्या शुक्रवारी त्याच्यावर दुसरं. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालं ते १९६४ मध्ये. तोवर किती कागद रद्दीत गेला असेल! जे उरलं ते दुर्मिळ झालं, आणि दुर्मिळाला गिऱ्हाईक आलं. मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर पोस्टरांची दुकानं चालू लागली. परदेशात तर २००५ मध्ये 'मेट्रोपोलिस' या जर्मन मूकपटाचं एक पोस्टर ६ लाख ९० हजार डॉलरला गेलं.

जिथं असा पैसा येतो तिथं खोटंही येतं. २००९ च्या सुमाराला अमेरिकेत १९३० च्या दशकातल्या भयपटांची बनावट पोस्टरं विकली गेल्याचं उघड झालं. दुरुस्तीसाठी पोस्टर कापडावर चढवतात, त्यामुळं कागदाची मागची बाजू दिसत नाही. आणि जुनेपणाचा अर्धा पुरावा मागच्या बाजूलाच असतो. एकदा फसलेलं गिऱ्हाईक मग खऱ्या मालालाही हात लावताना दहा वेळा विचार करतं. भाव पडायला तेवढंही पुरतं. आपल्याकडे त्यात आणखी भर पडली. संगणकावर छापलेल्या हुबेहूब प्रती थोड्या पैशांत मिळू लागल्या. ज्यांनी ते सिनेमे तंबूत बसून पाहिले, ती पिढी मागं सरली. नातवंडांना त्या नटनट्यांची नावंही ठाऊक नाहीत, मग भिंतीवर लावायची हौस कुठून येणार?

दुरुस्ती वाईट असते असं नाही. चांगला कारागीर आधी कागदातलं आम्ल काढतो, पातळ जपानी कागदाचा आधार देतो आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतो. म्हणजे आपल्या आज्यांचीच खळ, फक्त शुद्ध केलेली. पाण्यानं ती पुन्हा सुटते, हा तिचा गुण. केलेलं काम उद्या उलटवता आलं पाहिजे आणि लपवलेलं नसलं पाहिजे, एवढं धरलं की झालं.

आमच्या ट्रंकेत नेमकं उलटं घडलं होतं. अकरातलं सर्वांत नामांकित पोस्टर 'सांगत्ये ऐका'चं. १९५९ चा हा चित्रपट पुण्यात शंभराहून अधिक आठवडे चालला. भाच्यानं हौसेनं ते शहरात एकाकडून 'नवं' करून आणलं होतं. बाईच्या गालावर ताजा रंग, घड्यांच्या रेघा बुजवलेल्या, मागं कापड पक्क्या गोंदानं डकवलेलं. खालची फाटकी कड तर कापूनच टाकलेली. छापखान्याचं नाव बहुधा त्याच कडेला असतं. चाललेला सिनेमा पुन्हापुन्हा लागतो, दर खेपेला पोस्टरं नव्यानं छापतात. हे पहिल्या खेपेचं की नंतरचं, ते सांगणारी ओळच गेली होती.

गिऱ्हाईक येणार त्याच्या आदल्या रात्री भाचा म्हणाला, "आत्या, न विचारता कशाला सांगायचं? पहिल्या खेपेचंच आहे म्हणू." मी मामींकडे पाहिलं. पैशांची गरज त्यांना होती, मला नव्हती, म्हणून मी गप्प राहिले. अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत 'प्रतिरूपक व्यवहार' येतो, खऱ्याच्या जागी त्याच्यासारखं दिसणारं देणं. पाठशाळेत आम्ही ते घोकलं होतं. मामी पाठशाळेत गेलेल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "तुझ्या मामांनी तांदळात कधी खडा मिसळला नाही. काय काय केलंय ते कागदावर लिही."

मी लिहिलं. प्रत्येक पोस्टरापुढं ते कुठून आलं, कुठं फाटलं, कुणी काय केलं ते सगळं. गिऱ्हाइकानं तो कागद दोनदा वाचला. 'सांगत्ये ऐका' बाजूला ठेवलं. मग ज्यांना कुणी हात लावला नव्हता ती चार घडीची, कडा कुरतडलेली पोस्टरं भिंगाखाली धरून पाहिली आणि आम्ही सांगितलेल्या भावात, घासाघीस न करता घेतली. म्हणाला, लिहून देणारे फार थोडे भेटतात.

लाख वगैरे काही आले नाहीत. एका गुडघ्याच्या खर्चाचा चौथा हिस्सा झाला असेल. बाकीचे भावंडांनी मिळून घातले.

मैत्रिणींनो, तुमच्याही माळ्यावर अशी एखादी गठडी असेल. घाईनं ती 'नवी' करायला देऊ नका, कड कापू देऊ नका, आणि ती कशी आली ते सांगणारं माणूस घरात आहे तोवर विचारून लिहून ठेवा. भाव चढतील, उतरतील. लिहिलेलं उपयोगी पडेल.

रंगवलेलं ते पोस्टर आता मामींच्या सोप्यात लावलं आहे. आल्यागेल्यानं कौतुक केलं की मामी लगेच सांगतात, "गालावरचा रंग नवा आहे हं."