सेवेचे कवच

रुग्णालयाचा विषय निघाला की आपण डॉक्टरांचे कौशल्य आणि परिचारिकांची सेवावृत्ती यांची मनःपूर्वक प्रशंसा करतो. सेवा करणाऱ्याच्या संरक्षणाचा विचार मात्र क्वचितच होतो. या दृष्टीने वैद्यकाच्या इतिहासातील काही प्रसंग उद्बोधक आहेत.

अमेरिकेत बाल्टिमोर येथे १८८९ साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले. तेथील शस्त्रक्रियागृहाच्या प्रमुख परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन यांचे हात पाऱ्याच्या जंतुनाशक द्रावणाने सोलवटून निघत. शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. पुढे १८९० मध्ये हे दोघे विवाहबद्ध झाले. हातमोज्यांचा मूळ हेतू कर्मचाऱ्याचे हात जपणे एवढाच होता. हॉलस्टेड यांचे सहकारी जोसेफ ब्लडगुड यांनी शस्त्रक्रियेत सर्वांनीच ते घालावेत असा प्रघात पाडला, तेव्हा हर्नियाच्या रुग्णांच्या जखमा चिघळण्याचे प्रमाण सुमारे १७ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्या आसपास आले. एका परिचारिकेसाठी केलेली सोय असंख्य रुग्णांना तारक ठरली.

त्याच सुमारास, १८९७ मध्ये, ब्रेस्लाऊ येथील शल्यविशारद मिकुलिच यांनी सुती हातमोजे व जाळीदार कापडाची मुखपट्टी वापरात आणली. कापडाच्या व्यापारात हयात घालविलेल्या माझ्यासारख्यास याचे विशेष अप्रूप वाटते. सुती मोजे भिजताच बदलावे लागत, म्हणून पुढे रबरच टिकले. मुखपट्टीच्या बाबतीत मात्र कापडानेच लाज राखली.

१९१०-११ साली मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगने सुमारे साठ हजार बळी घेतले. हा रोग श्वासावाटे पसरतो हे डॉ. वू लिएन-ते यांनी ओळखले आणि कापूस व गॉझचा मास्क बांधण्याचा आग्रह धरला. फ्रेंच डॉक्टर मेस्नी यांना ते पटले नाही. मास्क न बांधता त्यांनी रुग्ण तपासले व काही दिवसांतच ते प्लेगने निवर्तले. त्यांची कर्तव्यनिष्ठा उणी नव्हती. उणे होते ते हातभर कापड! २०२० साली कोविडच्या साथीत जगाला हाच धडा पुन्हा गिरवावा लागला.

रुग्णालयास इमारती, खाटा व यंत्रे देणारे दाते पुष्कळ आहेत. त्यांनी हातमोजे, मास्क आणि कर्मचाऱ्यांचे लसीकरण यांसाठीही सढळ हात ठेवावा. वाणिज्याच्या भाषेत सांगावयाचे तर हा खर्च नव्हे, भांडवल आहे. कर्मचाऱ्याने निष्ठा द्यावी आणि संस्थेने त्यास संरक्षण द्यावे, तरच सेवेचा ताळेबंद जुळेल.