खत हळू विरघळावं म्हणून



युरियाच्या गोणीवर 'नीम कोटेड' असं छापलेलं आपण सगळ्याच पाहतो. २०१५ पासून आपल्याकडे शेतीचा युरिया निंबोळी तेल लावूनच विकायचा, असा नियम आहे. पण तेल का लावतात, ही कल्पना आली कुठून, हे कुणी सांगत नाही. दुकानदार तर नाहीच. म्हणून आज ती गोष्ट.

शंभर किलो युरियात ४६ किलो नत्र असतं. पिकाला ते थोडं थोडं, महिना-दोन महिने लागतं. युरिया मात्र एका पावसात विरघळून मोकळा होतो. वरवर फेकलेला असेल तर त्याचा अमोनिया होऊन हवेत उडतो. जमिनीतले जिवाणू उरलेल्याचं नायट्रेट करतात, ते पाण्याबरोबर खाली निघून जातं. भाताच्या खाचरात फेकलेल्या नत्रापैकी बहुतेक वेळा निम्मंसुद्धा पिकाच्या तोंडी पडत नाही. पैसे मात्र आपण अख्ख्या गोणीचे मोजतो.

यावर अमेरिकेत आधी काम झालं. १९५५ च्या सुमारास युरिया आणि फॉर्मल्डिहाइड एकत्र करून सावकाश विरघळणारं खत बाजारात आलं. मग अलाबामा राज्यातल्या मसल शोल्स गावी, तिथल्या सरकारी खत केंद्रात, १९६० नंतर युरियाच्या दाण्यांवर वितळलेला गंधक चढवायला सुरुवात झाली. संक्रांतीच्या हलव्यात तिळावर साखर चढवतो ना, तसंच. गंधकाला चिरा पडत, म्हणून वरून मेणाचा हात द्यावा लागे. जपानने पुढे प्लास्टिकचं आवरण काढलं. ते नत्र नेमकं सोडतं, पण रिकामी टरफलं शेतात उरतात आणि पाण्याबरोबर समुद्रात जातात, याची आता तिथेच काळजी लागली आहे.

ही सगळी खतं महाग. अमेरिकेत ती मुख्यतः गेली हिरवळीच्या मैदानांवर आणि फुलांच्या रोपवाटिकांत. गरिबाच्या भाताला त्यांचा काय उपयोग?

आपल्याकडे १९७० नंतर दिल्लीच्या पुसा संस्थेत राजेंद्र प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळी पेंड युरियाला लावून पाहिली. इथे भिंत बांधायची नाही. निंबोळीतला कडूपणा नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना काही काळ मंद करतो, एवढंच. पण पेंडीचा युरिया कारखान्यात करणं अवघड होतं. पेंडीऐवजी तेल वापरायचं ठरलं, पानिपतच्या कारखान्याने ते जमवलं आणि २००४ साली सरकारने या खताला मान्यता दिली. तरी कारखान्यांना ते ठरावीक मर्यादेतच बनवता येई. २०१५ ला सक्ती झाली, त्यात शेतीचा स्वस्त युरिया इतर कारखान्यांकडे पळू नये हाही हेतू होता. तेल हवं म्हणून गुजरातेत भरूचच्या खत कारखान्याने गावच्या बायांनी वेचलेल्या निंबोळ्या विकत घ्यायला सुरुवात केली. पूर्वी त्या झाडाखालीच कुजत.

आता आपल्या कोकणाकडे येऊ. मसल शोल्सलाच १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्र निघालं. तिथे भाताच्या खतावर काम केलेले शास्त्रज्ञ एन. के. सावंत यांनी आपल्याकडे चारसूत्री भातलागवड रुजवली. पहिलं सूत्र भाताच्या तुसाची राख आणि पेंढ्याचा वापर, दुसरं गिरिपुष्पाचा पाला, तिसरं दोरीवर खुणा करून नियंत्रित लावणी आणि चौथं युरिया-डीएपीची ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेली २.७ ग्रॅमची गोळी. लावणीच्या दिवशीच चार चुडांच्या मधोमध सात ते दहा सेंटिमीटर खोल ती खोचायची. वर लेप नाही की प्लास्टिक नाही. चिखलच तिचं आवरण. खोलवर हवा पोचत नाही, म्हणून नत्र अमोनियाच्याच रूपात मुळांजवळ टिकतं. मला या साऱ्या इतिहासात हीच युक्ती सगळ्यांत हुशारीची वाटते. खत कमी लागतं आणि पुन्हा फेकायला जावं लागत नाही.

पण गोळ्या किती? हेक्टरी ६२,५००. एकराला पंचवीस हजार! वजन हेक्टरी जेमतेम १७० किलो, म्हणून कागदावर स्वस्त दिसतं. लावणी आपल्याकडे बहुतेक बायाच करतात, तेव्हा ओणवं राहून झाल्यावर पुन्हा ओणवं राहून गोळी खोचायची तीही बहुधा त्यांनीच. कारखान्यात तेलाचा फवारा यंत्र मारतं. इथे प्रत्येक गोळीमागे एक हात चिखलात जातो. गटाने ब्रिकेट घ्यायची ठरवलीत, तर खताच्या हिशोबाशेजारी या खोचणीच्या मजुरीचाही रकाना काढा, आणि घरच्या बाईने खोचली असेल तरी तो रिकामा सोडू नका.