स्थिर भिंग आणि चालते पाय

यंदाच्या दसऱ्याला पुतण्या अमरावतीहून अकोटास आला, तो एक प्रश्न घेऊनच आला. सोने हाती देऊन, वाकून नमस्कार करून झाल्यावर तो म्हणाला, "काका, मिररलेस कॅमेरा घेतोय. पैसे एकाच लेन्सपुरते आहेत. प्राइम घेऊ की झूम?"

प्रश्न साधा होता. पण मला तो साधा वाटेना. मी म्हणालो, "उत्तर दिवाळीला देईन." वाचकहो, तेच उत्तर येथे लिहीत आहे. त्यात थोडा इतिहास आहे आणि थोडी माझी चूक आहे.

आधी शब्द उलगडू. भिंगापासून त्याच्या नाभीपर्यंतचे अंतर ते नाभीय अंतर. प्राइममध्ये ते एकच, कायमचे. चौकटीत काय मावेल हे एकदा ठरले की ठरले. जास्त हवे असेल तर मागे सरा, कमी हवे असेल तर पुढे व्हा. झूममध्ये मात्र ते अंतर कडे फिरवून बदलता येते. एकात पाय फिरतात, दुसऱ्यात मनगट फिरते. सगळा वाद एवढाच, आणि एवढा मोठाही.

आपल्याकडील चलच्चित्रणाचा आरंभच मुळी स्थिर भिंगाने झाला. १८९९ साली हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावेदादा, यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केले, तेव्हा कॅमेरा मांडायची जागा हीच त्यांची सारी निवड होती. जागा चुकली तर मल्ल चौकटीबाहेर जायचे. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. भांडवलदाराची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचा वेल कसा उगवतो हे ठराविक काळाने एकेक चौकट घेऊन टिपले. कॅमेरा जागचा हलला नाही. हलला तो वेल. पुढे 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी कॅमेऱ्यामागे त्र्यंबक तेलंग उभे राहिले, आणि ३ मे १९१३ रोजी तो चित्रपट मुंबईत लोकांपुढे आला. या मंडळींना प्राइम हवे की झूम हे कोणी विचारले नाही. दुसरे काही हाताशीच नव्हते. त्यामुळे कोठे उभे राहायचे, हे ठरविण्यातच त्यांची बुद्धी खर्च झाली आणि ती सत्कारणी लागली.

स्थिर भिंगाचे बळ त्याच्या साधेपणात आहे. १९०२ साली जर्मनीत पॉल रुडॉल्फ यांनी त्साइसच्या कारखान्यात टेसार हे भिंग सिद्ध केले, त्यात काचा अवघ्या चार. १९२५ साली लायका बाजारात आला तो ५० मिलिमीटरचे एकच भिंग घेऊन, आणि एवढ्या सामग्रीवर वृत्तछायाचित्रणाची एक नवी परंपरा उभी राहिली. काचा थोड्या, म्हणून वजन कमी, किंमत कमी, आणि उजेड आत घेणारे तोंड मोठे ठेवणे सोपे.

मग पायांची मर्यादा प्रथम कोणाला जाणवली? आपल्यापुरते एक उदाहरण ठळक आहे. प्रभात कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यास आली. त्याच वर्षी 'सैरंध्री'च्या रंगीत प्रतींच्या निमित्ताने व्ही. शांताराम जर्मनीस जाऊन आले होते. १९३४ साली पुण्याच्या नव्या स्टुडिओत 'अमृतमंथन' तयार झाला. त्यात पडदाभर व्यापणारा राजगुरूचा एक डोळा आहे. तो टेलिफोटो भिंगाने घेतलेला होता, आणि आपल्या चित्रपटात त्या भिंगाचा असा उपयोग प्रथम तेथे झाला असे सांगतात. नटाच्या नाकाशी कॅमेरा नेला असता तर त्याची सावली पडली असती आणि नटाचा डोळा बिचकला असता. दूर राहूनच ती जवळीक साधली. मात्र एक ध्यानात ठेवावे: टेलिफोटो म्हणजे झूम नव्हे. त्याचेही नाभीय अंतर स्थिरच असू शकते, फक्त लांब पल्ल्याचे.

झूमचा जन्मही याच काळातला. १९३२ साली इंग्लंडात कुक वारो हे सिनेमाचे झूम भिंग निघाले. साध्या फोटोच्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यासाठी मात्र १९५९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी फोइग्टलेंडर झूमार आले. पल्ला ३६ ते ८२ मिलिमीटर, आणि आत काचा चौदा! टेसारच्या चार काचा कोठे आणि या चौदा कोठे! प्रत्येक काचेच्या दोन पाठी; प्रत्येक पाठीवरून थोडा प्रकाश परतणार, थोडा भरकटणार. म्हणून झूमचे फोटो फिके आणि कडेला वाकडे, अशी जुन्या फोटोवाल्यांची तक्रार असे. ती त्या काळी खोटी नव्हती.

मिररलेसने या तक्रारीचा बराचसा जोर काढून घेतला. २००८ साली पॅनासॉनिकचा जी-१ आला. बदलत्या भिंगांच्या या नव्या वर्गातला तो पहिला गणला जातो. आतला आरसा गेला, तसे भिंग पडद्याजवळ आले. निकॉनच्या जुन्या कॅमेऱ्यात भिंगाच्या बैठकीपासून चित्रपटलापर्यंतचे अंतर ४६.५ मिलिमीटर होते. २०१८ च्या झेड मालिकेत ते १६ वर आले. भिंग घडविणाऱ्याला हात पसरायला जागा मिळाली. वाकड्या कडा कॅमेरा आतल्या आत सरळ करतो, आणि बहुतेक कॅमेरे हाताचा कंपही सावरून घेतात. तेव्हा 'झूमचा फोटो वाईट' हे आजचे उत्तर नव्हे. उजेडाचा हिशेब मात्र अजून शिल्लक आहे. १.८ चे प्राइम ४ च्या झूमपेक्षा सुमारे पाचपट उजेड आत घेते. दिवेलागणीच्या ओसरीत हा पाचपटीचा फरक डोळ्यांना दिसतो.

एवढे सारे मला ठाऊक होते, आणि तरी माझी चूक झाली. आता ती सांगतो.

२०१६-१७ च्या हिवाळ्यात अकोला-खंडवा मीटर गेजची छोटी गाडी बंद व्हायची होती. मेळघाटातून, धूळघाटाचा तो वेढा घालून जाणारी आमची गाडी! वडील तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. शाळामास्तर म्हणून उभी हयात या गाडीने त्यांनी प्रवास केला होता. "चाल, तिले निरोप देऊन येऊ," म्हणाले. मी गळ्यात कॅमेरा अडकवला. त्यावर १८ ते २०० चे झूम होते.

अकोटच्या फलाटावर निंबाखाली चांगली सावली पाहून मी उभा राहिलो आणि मनगट फिरवू लागलो. इंजिन ओढून आणले, गार्डाचा डबा ओढून आणला, हार-फुले, गर्दी, रुळांचे वळण, सारे ओढून आणले. दोनशे चौदा फोटो. संध्याकाळी ते संगणकावर वडिलांना दाखविले. त्यांनी शांतपणे सगळे पाहिले आणि म्हणाले, "फोटो बेस हायेत. पन तू तं जाग्यावरून हाललाच नाही बुवा."

मी हसलो. पुढच्या वर्षी वडील गेले. तेराव्यानंतर मी ते दोनशे चौदा फोटो पुन्हा उघडले. वडील एकाच फोटोत आहेत. कडेला, पाठमोरे, पुसट. डब्याच्या लोखंडी दांडीवर हात ठेवून उभे आहेत. त्या वेळी त्यांच्या तोंडावर काय होते, ते मी पाहिले नाही. मधे तीस पावलांचे अंतर होते.

आणि याच वडिलांनी मला कॅमेरा शिकवला होता! त्यांच्यापाशी आगफा क्लिक थ्री होता, एका रोलात बारा फोटो देणारा. त्याचे भिंग जागचे हलत नसे. नऊ-दहा फुटांच्या आत गेले की चेहरा पुसट. म्हणून ते माणसापासून चार पावले मोजून मागे येत, आणि तेवढ्या चार पावलांत त्याची विचारपूस करीत. त्यांच्या फोटोंतली माणसे कॅमेऱ्याकडे पाहत नाहीत, मास्तरांकडे पाहतात. मी हे पन्नास वर्षे पाहत आलो आणि फलाटावर नेमके विसरलो.

दोष झूमचा नव्हे, हे मला चांगले कळते. अकोटच्या उत्तरेला शहानूरवरून नरनाळ्यावर चढा. १४८७ चा महाकाली दरवाजा पुढे येतो. दगडी कमळे, अरबी लेख, सज्जांच्या जाळ्या, प्रत्येक जाळीची नक्षी निराळी. तेथे कोणी तुम्हाला अडवीत नाही. जवळ जा, मागे या, उजेड फिरेपर्यंत बसून राहा. पण त्याच डोंगरातल्या रानात पायांना आवर घालावाच लागतो. १८८४ नंतर शतकभर कोणाला न दिसलेला रानपिंगळा १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आणि आज मेळघाट त्याच्या मोजक्या घरांपैकी एक आहे. त्याच्या झाडाखाली जाऊन उभे राहणे म्हणजे फोटोसाठी त्याचे घर मोडणे. तेथे लांबचे झूम हाच शहाणपणा आणि तीच सभ्यता.

तेव्हा चिरंजीव, माझे उत्तर असे: ज्याच्याजवळ जाणे शक्य नाही, किंवा जाऊ नये, त्याच्यासाठी झूम. ज्याच्याजवळ जाणे आपल्या हातात आहे आणि तरी आपण जात नाही, त्याच्यासाठी प्राइम. तू मला फोटो दाखवतोस, त्यात बहुतेक घरातली माणसे असतात. तू ३५ किंवा ५० चे साधे प्राइम घे. रानात जाशील तेव्हा माझे झूम ने. ते कपाटात नुसते पडून आहे.

२०२२ च्या नोव्हेंबरात अकोल्याहून अकोटला मोठ्या रुळांची गाडी आली. मी गेलो होतो. कॅमेऱ्यावर ३५ चे प्राइम होते. खिडकीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मी चालत गेलो, चार पावलांवर थांबलो आणि विचारले, "काकाजी, कुठे जाता?"

त्या दिवशी फोटो एकच काढला.