हेगच्या न्यायासनासमोर एक मराठी कलम

ज्ञातीच्या इतिहासात सरदार, सावकार आणि दानशूर पुरुष यांचे गुणगान पुष्कळ होते. दुभाष्यांचे स्मरण मात्र क्वचितच होते. नव्या मुंबईत आज आपण ज्या खाडीकाठी राहतो, त्या मुलुखात मराठे व पोर्तुगीज यांची सरहद्द भिडलेली होती. वसई १७३९ साली पडली; परंतु तरवारी म्यान झाल्यावर उरते ती कागदाची लढाई, आणि ती दोन भाषा जाणणाऱ्यालाच लढावी लागते.

नारायण शेणवी धुमे हे अशांपैकीच एक. ते पुणे दरबारी पोर्तुगीजांचे वकील होते. १७७९ साली पेशवे व पोर्तुगीज यांच्यात झालेल्या तहाच्या सतराव्या कलमान्वये दमणनजीकच्या मुलुखातून सालीना बारा हजार रुपयांचे उत्पन्न पोर्तुगीजांस द्यावयाचे ठरले. त्याप्रमाणे १७८३ व १७८५ च्या सनदांनी गावे नेमून दिली गेली. हीच पुढे दादरा व नगर हवेली म्हणून ओळखली जाऊ लागली.

पावणेदोनशे वर्षांनी या कलमाचा पुन्हा कीस पाडला गेला. १९५४ साली ही ठाणी मुक्त झाली. तेव्हा दमणहून तेथे जाण्याचा आपला हक्क भारत नाकारतो, अशी फिर्याद पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गुदरली. गावे देताना पेशव्यांनी सार्वभौमत्व दिले की नुसता वसूल, हा त्यातील एक कळीचा प्रश्न. कलमाचे निरनिराळे पाठ न्यायाधीशांपुढे आले. मूळ व्यवहार मराठीतला, दुसऱ्या पक्षाची भाषा पोर्तुगीज, आणि न्यायालयाच्या भाषा इंग्रजी व फ्रेंच! 'जहागीर' आणि 'सरंजाम' या शब्दांना फ्रेंचमध्ये जोड कोठून मिळावी? त्यांचे भाषांतर 'मुलूख देणे' असे केले की राज्य गेले. 'वसुलाची नेमणूक' असे केले की राज्य देणाऱ्याकडेच राहिले. आमच्या मते भाषांतरकाराच्या अंगावर याहून मोठी जोखीम क्वचितच आली असेल.

१२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने भारताचा अर्थ मान्य केला. सार्वभौमत्व द्यावयाचे असता मराठे 'कायमचे' अशा अर्थाचे स्पष्ट शब्द घालीत, असे इतर तहांवरून दिसले; येथे दिली होती ती केवळ बारा हजारांची जहागीर वा सरंजाम. तथापि एवढ्याने दावा संपला नाही. पुढे इंग्रजांनी तेथील पोर्तुगीज सत्ता वस्तुतः मान्य केली होती, म्हणून खाजगी माणसे, मुलकी अधिकारी व माल यांच्या जाण्यायेण्याचा हक्क अकरा विरुद्ध चार मतांनी पोर्तुगालला मिळाला. सशस्त्र दलांचा मात्र आठ विरुद्ध सात मतांनी नाकारला गेला. भारताने आपले कर्तव्य मोडले नाही, हेही नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले. या पीठावर भारतातर्फे नेमलेले न्यायाधीश होते मुंबईचे माजी मुख्य न्यायमूर्ती छागला.

धुम्यांसारख्या मध्यस्थांचे कागद गोव्याच्या दप्तरातून शोधून पांडुरंग पिसुर्लेकरांनी १९५२ साली पोर्तुगीजमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. ऑगस्ट १९६१ मध्ये दादरा व नगर हवेली भारतीय संघराज्यात रीतसर सामील झाली.