एकच वाट, दोन गाड्या

कोकण रेल्वेने जाणाऱ्यांना "क्रॉसिंग आहे" हे दोन शब्द सवयीचे असतात. आडबाजूच्या स्टेशनात गाडी थांबते, लोक पाय मोकळे करायला उतरतात, वेळापत्रकाच्या नावाने बोटं मोडतात. मग समोरून एखादी गाडी धडधडत निघून जाते आणि आपली हलते. रोहे ते वीर हा तुकडा २०२१ साली दुहेरी झाला, पण बराचसा मार्ग अजून एकेरीच आहे. त्याच रुळांवरून दोन्ही दिशांच्या गाड्या धावतात आणि त्या समोरासमोर येत नाहीत, याचं आपल्याला नवल वाटत नाही. नवल वाटू नये इतकी ही गोष्ट साधी व्हायला मात्र बरीच वर्षं लागली, आणि बरेच जीव गेले.

सुरुवातीला भिस्त होती ती वेळापत्रकावर आणि तारेवर. इंग्लंडमध्ये नॉरिचजवळ थॉर्प इथे १० सप्टेंबर १८७४ च्या रात्री काय झालं ते पाहा. लंडनकडून येणारी एक्स्प्रेस उशिरा होती. तेव्हा पलीकडच्या ब्रंडल स्टेशनातून मेल आधी आणावी, अशी तार नॉरिचच्या निरीक्षकाने लिहवली. सहीशिवाय तार पाठवायची नाही असा नियम होता. सही झाली नव्हती, तरी तारेच्या कारकुनाने ती पाठवून दिली. निरीक्षकाच्या लेखी तार गेलीच नव्हती, ब्रंडलच्या लेखी परवानगी आली होती. एक्स्प्रेस सुटली. घोटाळा लक्षात आल्यावर मेल थांबवायची तार केली, तर उत्तर आलं की मेल निघाली. दोन्हीकडच्या माणसांना सगळं कळलं होतं, आणि आता कुणालाच काही करता येत नव्हतं. २५ माणसं गेली.

मला यात नियमभंगापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. शब्दाने दिलेली परवानगी दोन ठिकाणी दोन प्रकारे असू शकते. एकाच्या मते ती दिलेली असते, दुसऱ्याच्या मते नसते, आणि दोघंही आपापल्या जागी ठाम असतात. मग परवानगीचीच एक वस्तू केली तर? वस्तू एका वेळी एकाच हातात असते.

एडवर्ड टायर या इंग्रज तंत्रज्ञाने १८७८ साली नेमकं हेच केलं. दोन स्टेशनांत दोन यंत्रं, विजेच्या तारेने एकमेकांशी जखडलेली. त्यांत धातूच्या चकत्या. पलीकडच्या माणसाने संमती दिल्याशिवाय चकती निघत नाही. एक बाहेर आली की ती पुन्हा कुठल्या तरी एका यंत्रात जाईपर्यंत दोन्हीकडून दुसरी निघत नाही. ड्रायव्हरजवळ चकती असेल तरच गाडी हलणार. आपल्याकडे याच तत्त्वावर अनेक दशकं चालला तो नील्स बॉल टोकन, म्हणजे लोखंडी गोळा. बेताचं मोठं कडं, त्याला चामड्याची पिशवी आणि पिशवीत गोळा. धावत्या इंजिनातून जुनं कडं फेकायचं आणि नवं हाताने झेलायचं, हे दृश्य जुन्या प्रवाशांनी पाहिलेलं आहे.

पण वस्तू हाती आली म्हणजे काम संपलं असं नाही. वेल्समधल्या अ‍ॅबरम्यूल स्टेशनात २६ जानेवारी १९२१ रोजी एका पॅसेंजरच्या ड्रायव्हरने मागच्या टप्प्याची चकती उतरवून दिली. स्टेशनातल्या हातांमधून फिरून तीच चकती त्याच्याकडे परत आली. देणाऱ्याला ती पुढच्या टप्प्याची वाटली, घेणाऱ्याने वाचली नाही. चकतीवर नाव कोरलेलं होतं! समोरून एक्स्प्रेस येत होती, तिच्याजवळ खरी चकती होती. १७ जण मेले, त्यांत त्या रेल्वे कंपनीचा एक संचालकही होता. यंत्र चुकलं नव्हतं. रोज बरोबरच येणारी वस्तू आज तपासून कशाला पाहायची, एवढाच प्रश्न होता. आपण तरी रोज किती कागद न वाचता पुढे सरकवतो?

पुढे वस्तूही गेली. आता दोन स्टेशनांमधल्या रुळाची दिशाच विजेने ठरवतात. एका यंत्रावर "गाडी जात आहे" असेल तर दुसऱ्यावर "गाडी येत आहे" असंच असावं लागतं, आणि येणाऱ्या बाजूचा रवाना करणारा सिग्नल लाल राहून कुलूपबंद होतो. गाडी पूर्ण पोचल्याशिवाय दिशा उलटता येत नाही. हीच सोय दुहेरी मार्गाच्या प्रत्येक रुळाला दिली की त्याला दुतर्फा सिग्नल म्हणायचं. खर्च वाढतो, कारण त्याच रुळाला दोन्ही बाजूंचे सिग्नल लागतात. पण एक रूळ बंद पडला तर दुसऱ्यावरून आलटूनपालटून वाहतूक चालू राहते. १९९४ साली सुरू झालेल्या इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यात ही व्यवस्था आहे, म्हणूनच रात्री एक भाग दुरुस्तीला घेऊन गाड्या चालवता येतात.

आणि हे सगळं बिघडलं तर? आपल्याकडे मग दोन स्टेशन मास्तर फोनवर बोलतात आणि एकमेकांना खासगी आकडा देतात. हे आकडे छापील तक्त्यावर असतात, वापरला की खोडायचा. तो वहीत लिहून ड्रायव्हरला कागदी लाइन क्लिअर देतात, सही करून. म्हणजे दीडशे वर्षांनी पुन्हा एक कागद आणि एक सही.

फरक एवढाच की ती सही न करण्याची काय किंमत असते, हे आता माहीत आहे. रात्री दोन वाजता, झोप डोळ्यांवर असताना, आकडा नीट ऐकून तो पुन्हा म्हणून दाखवणारा कुणीतरी त्या टोकाला बसलेला असतो. आपली गाडी उशिरा सुटते ती बरेचदा त्याच्यामुळे, आणि पोचते तीही त्याच्यामुळेच.